आत्महत्येनं गेलेल्या भावासाठी मिस्सा मागावी का?

वाचकाचं पत्र, थोडं संक्षिप्त करून:

"माझा धाकटा भाऊ या वर्षी उपवासकाळात गेला. त्यानं स्वतःच जीव दिला. वय ३६. नोकरी सुटल्यावर त्यानं मोबाइलवरच्या ॲपमधून कर्जं काढली होती. वसुलीवाले रात्री-अपरात्री फोन करायचे, त्याचे घाणेरडे फोटो बनवून नातेवाइकांना पाठवायचे. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, त्या त्यानं मध्येच सोडल्या. आमच्या फादरांनी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे ख्रिस्तयागाची उपासना, केली, दफनही रीतसर झालं. पण घरी रोजरीला आलेल्या मोठ्या काकी सगळ्यांसमोर म्हणाल्या, 'जीव देणाऱ्याला देवाच्या घरात जागा नाही. त्याच्या नावानं मिस्सा करून काय उपयोग?' मग कुणीतरी एका प्रवचनकाराचा व्हिडिओ पाठवला, त्यातही तेच. तेव्हापासून आई मिस्साला येते, पण कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद) घेत नाही. मागच्या बाकावर बसून राहते. घरी आल्यावर विचारते, 'तो कुठं असेल गं?' वहिनी तर कुणाशी बोलतच नाही. आठ वर्षांची भाची विचारते, 'पप्पा कुठं आहेत?' आणि एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. त्या संध्याकाळी त्याचा मला फोन आला होता. मी कामात होते, उचलला नाही. न्यायाच्या दिवशी देव मला याचा जाब विचारील का? नोव्हेंबर, मृतांच्या स्मरणाचा महिना, जवळ आलाय. त्याच्या कबरीवर जायची भीती वाटते."

वसई तालुक्यातील एक वाचक


प्रिय ताई,

आईला आजच सांगा की तुमचा भाऊ नरकात गेला असं आपली कॅथलिक ख्रिस्तसभा म्हणत नाही. नाव घेऊन तसं तिनं कधीच कुणाबद्दल म्हटलेलं नाही. संत म्हणून तिनं हजारो नावं जाहीर केली, पण अमुक एक माणूस नरकात आहे असं एकाही नावाबद्दल जाहीर केलेलं नाही. जो निकाल द्यायचं धाडस ख्रिस्तसभेनं दोन हजार वर्षांत केलं नाही, तो कुणाच्या घरी रोजरीला बसून कुणी देऊ नये. काकींनीही नाही, व्हिडिओतल्या प्रवचनकारांनीही नाही.

हे मी तुमच्या समाधानासाठी म्हणून लिहीत नाही. तुमच्या फादरांकडे ख्रिस्तसभेचा कॅटेकिझम, म्हणजे शिकवणीचा अधिकृत ग्रंथ, असेल, १९९२ साली जाहीर झालेला. त्यातले २२८० ते २२८३ हे चार परिच्छेद त्यांच्याकडून मागून घ्या आणि आईला वाचून दाखवा. पहिल्या दोहोंत स्पष्ट म्हटलंय की जीवन देवाचं आहे, आपण त्याचे राखणदार आहोत आणि ते संपवणं ही अतिशय गंभीर चूक आहे. यात मी पाणी घालणार नाही, तुम्हीही घालू नका, घरात एक लहान मूल आहे म्हणून तर मुळीच नको. पण तिसऱ्या परिच्छेदात येतं की तीव्र मानसिक आजार, जीवघेणी घुसमट किंवा छळाची मोठी भीती यांमुळे त्या माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते. आणि चौथा परिच्छेद सांगतो, ज्यांनी स्वतःचा जीव घेतला त्यांच्या चिरंतन तारणाविषयी आपण निराश होऊ नये. फक्त देवालाच ठाऊक असलेल्या वाटांनी तो त्यांना पश्चात्तापाची संधी देऊ शकतो. ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते.

तुमच्या भावाच्या शेवटच्या महिन्यांकडे आता परत एकदा बघा. आजार होता, गोळ्या सुटल्या होत्या, झोप नव्हती, आणि फोनवर अनोळखी माणसं त्याची अब्रू चव्हाट्यावर मांडायची धमकी देत होती. धर्मशिक्षणाच्या वर्गात मी वर्षानुवर्षं मुलांकडून एक गोष्ट पाठ करून घेतलीय. महापाप व्हायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. बाब गंभीर हवी, ती गंभीर आहे याची पुरती जाणीव हवी, आणि मनाची पूर्ण, मोकळी संमती हवी. पहिली गोष्ट तुमच्या भावाच्या बाबतीत होती. दुसरी आणि तिसरी किती होती हे त्याच्या डॉक्टरांनाही सांगता येणार नाही, मग काकींना कुठून सांगता येणार? आपल्या देशाच्या कायद्यानंही हे ओळखलंय. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरायचं असतं, त्याला शिक्षा करायची नसते. सरकारला जी समज आली ती देवाकडे कमी असेल असं मानायचं का?

काकींविषयी थोडं लिहिते, कारण त्यांनी हे दुष्टपणानं म्हटलं असेल असं मला वाटत नाही. त्यांनी लहानपणी हेच ऐकलं असणार. १९१७ च्या जुन्या धर्मकायद्यात तसा नियमच होता. जाणूनबुजून जीव दिलेल्या माणसाला, मरणाआधी पश्चात्तापाची काही खूण दिसली नसेल तर, ख्रिस्ती दफन नाकारलं जायचं. अशा माणसाला दफनभूमीच्या कोपऱ्यात किंवा कुंपणाबाहेर पुरल्याच्या आठवणी सांगणारी म्हातारी माणसं पुष्कळ ठिकाणी भेटतात. १९८३ च्या नव्या कायद्यात हा नियम उरला नाही. मधल्या काळात मनाच्या आजारांविषयी माणसाला बरंच काही कळलं आणि ख्रिस्तसभेनं ते ऐकलं. पण घराघरांत रुजलेली भीती कायद्याचं पान बदललं म्हणून जात नाही. तुमच्या फादरांनी मिस्सा केली, दफन केलं, ते तुमच्या घरावर मेहरबानी म्हणून केलेलं नाही. तो तुमच्या भावाचा हक्क होता.

व्हिडिओत प्रवचनकारांनी कोणतं वचन घेतलं असेल याचा मला अंदाज आहे. इब्री लोकांस पत्र, नववा अध्याय: माणसाला एकदाच मरायचं आहे आणि त्यानंतर न्याय. वचन खरंच आहे. मरणानंतर न्याय आहे हे आपण दर रविवारी श्रद्धांगीकारात उभं राहून म्हणतो, जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला तो पुन्हा येईल. मला न्याय नको, नुसती दया सांगा, असं मी कुणालाही म्हणू देत नाही. पण त्या वचनात न्याय होईल एवढं सांगितलंय, निकाल सांगितलेला नाही. आणि न्याय कोण करणार? योहानाच्या शुभवर्तमानात पाचव्या अध्यायात येशू म्हणतो की पिता कुणाचा न्याय करत नाही, त्यानं तो सगळा पुत्राच्या हाती दिला आहे. ज्याच्या हाती दिला त्याच्या हातांत खिळ्यांचे व्रण आहेत. गेथशेमानीच्या बागेत, 'माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे,' असं तो आपल्या मित्रांना म्हणाला होता. त्याच्याशेजारी क्रुसावर टांगलेल्या गुन्हेगाराकडे चांगल्या कामाचा एकही दाखला नव्हता, बाप्तिस्मा नव्हता, भरपाई करायला वेळही नव्हता. 'माझी आठवण ठेव' एवढंच त्यानं म्हटलं. आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील, असं उत्तर आलं. ख्रिस्तानं जिवंत असताना एखाद्या माणसाला स्वर्गाचं वचन असं तोंडावर दिल्याची शुभवर्तमानांतली ही एकच नोंद आहे, आणि ती अशा माणसासाठी आहे. तुमच्या भावाची फाईल त्याच न्यायाधीशापुढं आहे.

याच न्यायाची एक बाजू मला तुमच्या पत्रात फार जाणवली, पण तुम्ही तिच्याकडे वळला नाहीत. तुमच्या भावाला छळणारी माणसं आहेत. कुठल्यातरी खोलीत बसून दिवसाला शंभर घरं उद्ध्वस्त करणारी, पगार घेऊन, नावं बदलून. त्यांतलं कुणी कधी कोर्टात उभं राहील की नाही, ठाऊक नाही. न्यायाचा दिवस नसेल तर त्यांचं सगळं पचलं. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ साली आशेवर एक परिपत्रक लिहिलं, त्यात ते अंतिम न्यायाकडे भीतीचं नव्हे, आशेचं चित्र म्हणून बघायला सांगतात. आणि तिथंच म्हणतात की देवाची कृपा न्याय पुसून टाकत नाही. छळणारा आणि छळलेला, काही घडलंच नाही अशा थाटात स्वर्गाच्या मेजवानीला एका पंगतीत बसणार नाहीत. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात राजा शेवटी काय विचारतो ते आठवा. मी भुकेला होतो, आजारी होतो, तुरुंगात होतो, तुम्ही माझ्यासाठी काय केलंत? कर्जानं गांजलेला, रात्री फोनच्या आवाजानं दचकून उठणारा तुमचा भाऊ त्या ओळीत उभा आहे, आणि राजा म्हणतो आहे की तो मी होतो. त्याला छळलं ते मला छळलं.

ताई, न्याय म्हटल्यावर आपल्या घरांत फक्त आगीचं चित्र उभं राहतं याचं मला फार वाईट वाटतं. गांजलेल्या माणसासाठी न्यायाच्या दिवसाइतकी चांगली बातमी दुसरी नाही.

कुणीतरी यहूदाचं नाव काढेलच. अजून काढलं नसेल तर काढतील. त्यानं येशूचा विश्वासघात केला, मग स्वतःचा जीव घेतला, आणि त्याच्याविषयी शुभवर्तमानात फार कठोर शब्द आहेत, हे खरं. तरीही यहूदा नरकात आहे असं ख्रिस्तसभेनं अधिकृतपणे कधी म्हटलेलं नाही. फ्रान्समध्ये वेझले इथं बाराव्या शतकातली एक बॅसिलिका आहे. तिथल्या एका खांबाच्या माथ्यावर एका बाजूला यहूदाचं लटकलेलं शरीर कोरलंय आणि दुसऱ्या बाजूला एक माणूस ते शरीर खांद्यावर घेऊन चाललाय, मेंढपाळ हरवलेलं मेंढरू घेतो तसा. पोप फ्रान्सिस यांना तो माणूस म्हणजे उत्तम मेंढपाळ येशू वाटे आणि ते या शिल्पाविषयी पुन्हा पुन्हा बोलत. ज्या मध्ययुगाला आपण फक्त नरकाची भीती घालणारं युग म्हणतो, त्याच युगातल्या एका पाथरवटानं हे कोरलं.

आता तुमचा थेट प्रश्न. मिस्सा मागावी का? मागा. न चुकता मागा. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात बाराव्या अध्यायाच्या शेवटी एक प्रसंग आहे. लढाईत पडलेले सैनिक पुरायला यहुदी सेनापती यहूदा मक्काबी (वरचा विश्वासघातकी यहूदा नव्हे) आणि त्याची माणसं जातात. प्रेतं उचलताना त्यांना दिसतं की प्रत्येकाच्या अंगरख्याखाली परक्या मूर्तींचे ताईत बांधलेले आहेत. म्हणजे ही माणसं पाप अंगावर बांधूनच मेली होती. मक्काबीनं काय करावं? त्यांना तसंच टाकून जावं? त्यानं सैन्यात वर्गणी काढली, दोन हजार द्राख्मा जमवल्या आणि त्यांच्या पापासाठी अर्पण व्हावं म्हणून यरुशलेमला पाठवल्या. मेलेले पुन्हा उठतील ही आशा त्याला नसती तर हे सगळं व्यर्थ ठरलं असतं, असं ग्रंथकार तिथं म्हणतो. मक्काबींचे ग्रंथ प्रोटेस्टंट बायबलात नाहीत, म्हणून व्हिडिओतले प्रवचनकार त्या पंथाचे असतील तर त्यांना हा प्रसंग आठवणार नाही. त्यात त्यांचा दोष नाही. पण आपल्या बायबलात तो आहे आणि मृतांसाठी आपण करतो ती प्रार्थना त्याच मुळावर उभी आहे.

संत मोनिका मरणाला टेकली तेव्हा, ३८७ साली, रोमजवळच्या ओस्टिया बंदरात होती. आपल्या गावापासून फार दूर. मुलांना म्हणाली, माझं शरीर कुठंही पुरा, त्याची चिंता करू नका, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा. जिनं आपल्या मुलासाठी, ऑगस्टीनसाठी, इतकी वर्षं रडून प्रार्थना केली, तिलाही आपल्यासाठी कुणीतरी मागावं असं वाटलं. तुमच्या भावाला तर किती वाटत असेल!

शुद्धिस्थानाविषयी आईला धाक वाटत असेल तर तोही काढा. ते छोटा नरक नव्हे. तिथं पोचलेल्याचं तारण झालेलं असतं, फक्त देवासमोर उभं राहण्याआधी जे काही मळलंय, तुटलंय, ते नीट व्हायचं असतं. संत पौल करिंथकरांना लिहितो की माणसाचं काम जळून गेलं तरी तो स्वतः तरेल, पण जणू अग्नीतून बाहेर पडल्यासारखा. बेनेडिक्ट काही धर्मपंडितांचं मत सांगतात की तो अग्नी म्हणजे स्वतः ख्रिस्तच, त्याची नजर दुखवते आणि बरं करते. त्या भेटीचा वेळ आपल्या घड्याळावर मोजता येत नाही, म्हणून मागाहून केलेली प्रार्थनाही उशिरा पोचलेली नसते. ती व्यर्थही जात नाही. तुमच्या आईनं आज मागितलेली एक मिस्सा त्या संध्याकाळच्या त्या एका क्षणाला पोचू शकते. हे मी कवितेत म्हणून सांगत नाही, हाच आपला विश्वास आहे. देव काळाच्या बाहेर आहे असं आपण म्हणतो ना, मग त्याचा अर्थ इथं लावायचा.

फ्रान्समधल्या आर्स गावचे धर्मगुरू संत जॉन मेरी व्हियान्नी यांच्याविषयी एक गोष्ट सांगतात. नवऱ्यानं जीव दिलेली एक विधवा त्यांच्या चर्चमध्ये आली. ती काही बोलायच्या आतच ते गर्दीतून तिच्यापाशी जाऊन म्हणाले की तो वाचला आहे, शेवटच्या क्षणी त्याला पश्चात्ताप करायला वेळ मिळाला. व्हियान्नींना जसं दिसलं तसं तुम्हाआम्हाला दिसत नाही, म्हणून आईला मी 'तो नक्की स्वर्गात आहे' असं सांगणार नाही. आशा आणि खात्री यांत फरक आहे. पण निराशा ही आपल्याला मोकळी ठेवलेली वाट नाही. आशा धरणं हे ख्रिस्ती माणसाचं कर्तव्यच आहे, श्रद्धा आणि प्रीती यांच्याइतकंच. काकींनी नकळत का होईना, आईला ते कर्तव्य सोडायला लावलं. मला त्यांचा राग येतो तो एवढ्यासाठी.

आईला रोजरीची आठवण करून द्या. तिनं आयुष्यभर, एका रोजरीत त्रेपन्न वेळा, मरिया मातेला विनवलंय की आम्हा पाप्यांसाठी आता आणि आमच्या मरणाच्या वेळी विनंती कर. तुमचा भाऊ मांडीवर होता तेव्हा म्हटलंय, तो शाळेत गेला तेव्हा, त्याच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, तो हरवल्यासारखा घरात फिरत होता त्या महिन्यांत. ती प्रार्थना तिच्या मुलासाठीही होती, त्याच्या शेवटच्या घटकेसाठीही होती. त्या घटकेला तिथं तुम्ही नव्हता, आई नव्हती. मरिया नव्हती असं मात्र आईनं म्हणू नये, कारण तिला तिथं थांबायची विनवणी स्वतः आईनंच हजारो वेळा केली होती.

आणि रोजरीतल्या प्रत्येक गूढाच्या, म्हणजे दहा मण्यांच्या टप्प्याच्या, शेवटी आपण म्हणतो ती पोर्तुगालमधल्या फातिमा गावची छोटी प्रार्थना. सर्व आत्म्यांना स्वर्गात ने, विशेषतः ज्यांना तुझ्या दयेची अधिक गरज आहे त्यांना. ही प्रार्थना १९१७ च्या जुलैत फातिमाच्या मुलांना मरिया मातेकडून मिळाली असं आपण मानतो. त्याच वर्षी तो दफन नाकारणारा कायदा जाहीर झाला होता. कायदा गेला, प्रार्थना राहिली. काकीही ती रोज म्हणत असतील.

आता तुमच्या त्या न उचललेल्या फोनबद्दल. तुम्ही हे कुणालाच सांगितलं नव्हतं, मला लिहिलंत, बरं केलंत.

देव विचारील का? ताई, त्या संध्याकाळी तुम्हाला काय ठाऊक होतं तेवढंच देव विचारील. भावाचा फोन आला, हातात काम होतं, नंतर करू म्हटलं. असे फोन आपण सगळेच दिवसाला दोन-चार सोडतो. त्या फोनचा अर्थ तुम्हाला दुसऱ्या दिवशी कळला आणि आता तुम्ही दुसऱ्या दिवसाचं ज्ञान आदल्या संध्याकाळच्या स्वतःवर लादताय. ते तुमच्याकडे तेव्हा नव्हतं. योहानाच्या पहिल्या पत्रात तिसऱ्या अध्यायात एक वचन आहे, ते कागदावर लिहून ठेवा. आपलं मन आपल्याला दोषी ठरवतं तेव्हा देव आपल्या मनापेक्षा थोर आहे आणि त्याला सगळं ठाऊक आहे. इथं 'सगळं ठाऊक आहे' हे धमकी म्हणून आलेलं नाही, दिलासा म्हणून आलंय. तुम्ही त्याला किती वेळा पैसे दिले असतील, किती वेळा डॉक्टरकडे नेलं असेल, त्याच्या मुलीची फी भरली असेल, तेही त्या 'सगळ्या'त आहे. फोन न उचलणं हे पाप नव्हे. तरी मनाला टोचत असेल तर कन्फेशनला जा आणि फादरांना तिथं सांगा. पाप आहे म्हणून नाही. तुमच्या जिवावरचं ओझं कुणीतरी अधिकारानं उतरवून ठेवावं म्हणून.

आई कम्युनियन का घेत नाही, हे तिला कुणी विचारलंय का? मला तीन कारणं सुचतात. मी अपराध्याची आई, मला लायकी नाही, असं तिला वाटत असेल. किंवा मुलगा ज्या पंगतीला नाही तिथं मी कशी बसू, असं असेल. किंवा ती देवावर रागावलेली असेल आणि रागावून त्याच्यासमोर हात पुढं करणं तिला खोटं वाटत असेल. तिसरं असेल तर मला फार काळजी नाही. स्तोत्रसंहितेतलं ८८ वं स्तोत्र तिला वाचून दाखवा, ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, तरी ते पवित्र ग्रंथात आहे. एलिया संदेष्टा झुडपाखाली बसून म्हणाला होता, आता पुरे झालं प्रभू, माझा जीव घे. देवानं त्याला दटावलं नाही. देवदूत पाठवला, भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घातलं. तुमच्या आईला आत्ता वाद घालून पटवण्यापेक्षा हेच करायची गरज आहे. फादरांना घरी बोलवा, एखाद्या दुपारी, गर्दी नसताना. त्यांना सगळं सांगून ठेवा आणि दोघांना बोलू द्या. जे काकी सगळ्यांसमोर बोलल्या, त्याचं उत्तर फादरांनी पुण्यस्मरणाच्या मिस्साला सगळ्यांसमोर द्यावं, अशीही विनंती करा. आईचा अपमान चारचौघांत झाला, तिचं समाधानही चारचौघांत झालं पाहिजे.

वहिनीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत आणि मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटते. ती बोलत नाही म्हणजे तिला कुणी काही म्हटलेलं नाही असं नव्हे. अशा मरणात लोक बायकोकडे बोट दाखवतात, हे आपल्याकडे सर्रास चालतं. तिच्याजवळ रोज कुणीतरी बसा. जेवते का, झोपते का, बघा. 'आता जगून काय करू' असं ती किंवा आई एकदाही म्हणाली तर ते बोलणं आहे म्हणून सोडून देऊ नका, सरळ विचारा, जीव द्यायचे विचार येतात का. विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. सरकारची टेलिमानस ही मदतवाहिनी आहे, क्रमांक १४४१६, चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतःही करा. प्रार्थना आणि डॉक्टर यांत एकाला निवडायचं नसतं. वसुलीवाले अजून वहिनीला फोन करत असतील तर सगळे मेसेज जपून ठेवा आणि सायबर गुन्ह्यांच्या १९३० या क्रमांकावर तक्रार करा. त्यांच्याशी स्वतः हुज्जत घालू नका.

भाचीला काय सांगायचं? खरं सांगायचं, तिच्या वयाला झेपेल तेवढं. पप्पांना मनाचा मोठा आजार झाला होता, त्या आजारात त्यांच्या हातून चूक झाली आणि ते मेले. तुझ्यामुळे नाही, मम्मीमुळे नाही. 'देवानं पप्पांना बोलावून घेतलं' असं कृपा करून सांगू नका. मूल देवाला घाबरायला लागतं, नाहीतर आपल्यालाही बोलवावं म्हणून वाट बघायला लागतं. 'पप्पा तिकडं मजेत आहेत' असंही नको. पप्पा येशूच्या हातात आहेत, आपण त्यांच्यासाठी रोज प्रार्थना करतो, तूही करू शकतेस, असं सांगा. तिला करण्यासारखं काहीतरी मिळेल. मुलांना त्याचा फार आधार होतो.

काकींशी भांडू नका. त्यांच्या घरी जा, कॅटेकिझमचे ते चार परिच्छेद बरोबर न्या आणि म्हणा, काकी, आईसमोर हे तुम्हीच वाचून दाखवा. त्या नाही म्हणाल्या तर म्हणू द्या, पण विचारा जरूर. एखाद्या म्हातारीलाही स्वतःच्या भीतीतून सुटायची संधी हवी असते.

दोन नोव्हेंबरला कबरीवर जा, सगळ्यांनी मिळून. दरवर्षी आपल्या दफनभूमीत त्या संध्याकाळी जी गर्दी असते, फुलं, मेणबत्त्या, कबरी पुसणारी माणसं, तिच्यातच तुम्हीही असायला हव्यात. लोक पाहतील म्हणून लवकर उरकून परतू नका. धर्मग्रामाच्या कार्यालयात नोव्हेंबरच्या मिस्सांसाठी मृतांच्या नावांची यादी घेतात, तिथं त्याचं नाव द्या. पूर्ण नाव, आडनावासह, स्वच्छ अक्षरात लिहा. 'एका आत्म्यासाठी' असं मोघम लिहू नका. आणि नाव द्यायला जाल तेव्हा आईला बरोबर न्या, चिठ्ठी तिच्या हातानं लिहू द्या.

त्यानंतर आई कशी आहे ते मला कळवा. वहिनीचंही.